फोटो लहान, चौकट महान

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या १९ ऑगस्टला आपल्या महाविद्यालयात जागतिक छायाचित्रण दिनानिमित्त विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचे छोटेसे प्रदर्शन भरले होते. १८३९ साली याच तारखेला फ्रान्सच्या सरकारने दागेर यांची छायाचित्रणाची कृती जगापुढे खुली केली, म्हणून हा दिवस पाळतात. ही माहिती फलकावर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझे अक्षर बरे आहे. माहितीच्या खाली नियमही मीच लिहिले. त्यात चौथा नियम असा होता: 'चौकट, नक्षी अथवा मजकूर घातलेली छायाचित्रे स्वीकारली जाणार नाहीत.' लिहिताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही. हा नियम मला लागू होईल हे मनातच आले नाही.

मी दिलेला फोटो भाट्याचा होता. सुरूच्या बनातून दिसणारा मावळता सूर्य, आणि दोन खोडांच्या मध्ये समुद्राचा चिंचोळा तुकडा. भोवती मी सोनेरी वेलबुट्टीची चौकट बसवली होती आणि कोपऱ्यात 'शुभ सायंकाळ' असे लिहिले होते. सरांनी फोटो पाहिला, हसले आणि म्हणाले, "अगं, फोटो चांगला आहे. ती चौकट तेवढी काढून आण, लगेच लावू."

ती काढता येईना. मोबाइलमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ फोटो मी केव्हाच पुसून टाकला होता. उरला होता तो चौकटीसकटचा. कडा कापून पाहिल्या, तर सूर्य निम्मा गेला, कारण वेलीचे एक पान नेमके सूर्यावर आले होते! मागे उभ्या असलेल्या वर्गातल्या दोघीतिघी हळूच म्हणाल्या, "गुड मॉर्निंगवाला फोटो." त्या दिवशी हातखंब्यापुढे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीशी बसून मी पुष्कळ रागावले. आधी सरांवर, मग त्या मुलींवर, आणि घर जवळ आल्यावर स्वतःवर. त्या रागातून जे सुचले ते या लेखात मांडते आहे.

वाचकहो, आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे इथे आल्यावर मला पुष्कळ गोष्टी नव्याने कळल्या. त्यांतली एक अशी, की मला जे सुंदर वाटते ते सगळ्यांना सुंदर वाटतेच असे नाही. एवढ्यावर माझी तक्रार नाही. पण चौकट म्हटली की 'गावठी आवड' असे म्हणून हसून मोकळे होणाऱ्यांना मी आमच्या ओटीवरची भिंत दाखवू इच्छिते.

जांभ्याच्या त्या भिंतीवर, तुळईच्या जरा खाली, फोटोंची एक रांग आहे. दोन देवांच्या तसबिरी, त्यांतली लक्ष्मी आजीने एका जुन्या कॅलेंडरातून कापून बसवून घेतलेली. मग बाबांच्या लग्नाचा फोटो, आणि मग गेलेल्या माणसांचे. सगळे दोरीने पुढे झुकवून टांगलेले, म्हणजे खाली बसलेल्या माणसाला नीट दिसावेत. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नुसता कागद भिंतीला चिकटवला तर आषाढ संपायच्या आत त्याला बुरशी धरते. फोटो थेट काचेला टेकला तर ओलीने काचेलाच चिकटतो आणि मग सोलूनही निघत नाही. म्हणून फ्रेम करणारा जाणता असेल तर काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड कागदाची कड घालतो, मागे पुठ्ठा ठोकतो, वर पट्ट्या बसवतो. ती कड पाहणाऱ्याला नक्षी वाटते, पण तिचे खरे काम फोटो काचेपासून दूर ठेवण्याचे. आणि दुसरे काम मानाचे. ज्याच्या आयुष्यात फोटो काढण्याचे प्रसंगच दोन, एक लग्नाचा आणि एक आधार कार्डाचा, त्याच्या त्या एका फोटोला उघडे ठेवायचे नाही, ही त्यामागची भावना असते. तिला कोणी हसू नये.

तसे पाहिले तर आपण सगळेच चौकटीचे शौकीन. गणपतीला मखर लागते, वर माटवी लागते. सणावारी ताटाभोवती रांगोळीची महिरप लागते, दाराला तोरण लागते. इतिहासाच्या सहलीत आम्ही देवीहसोळचे कातळशिल्प पाहिले. सड्यावरच्या उघड्या कातळात कोणा अनामिकाने चौकोनी कड आखून तिच्या आत नागमोडी रेघा भरल्या आहेत. कोकणातली ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या चौकोनाचा अर्थ काय हे जाणकारांनी शोधावे. मला उभ्या उभ्या एवढेच वाटले, की कड आखण्याची हौस आमच्या मुलखात बरीच जुनी दिसते.

राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे घरोघर काचेआड बसली. काही घरांत तर बायकांनी त्या छापील देवीच्या शालूवर खरी जर आणि टिकल्या शिवल्या! आज मी मोबाइलमध्ये फोटोवर चांदण्या टाकते तेव्हा मी काही फार नवीन करत नाही. फरक एवढाच, की त्या बायकांना सुई टोचत असे, त्यामुळे टिकली कुठे लावायची याचा त्या विचार करत.

आता दुसरी बाजू. एवढे लिहून मी चौकटीची वकिली करते आहे असे वाटेल, पण गेल्या काही महिन्यांत वाचनालयात बसून जे वाचले, त्याने माझी वकिली बरीच ढिली पडली.

फोटोभोवतीच्या ज्या ज्या कडा आज आपण एका बोटाने चिकटवतो, त्यांतल्या कित्येक मुळात कामाच्या होत्या. पोलरॉइडचा फोटो घ्या. पांढरी चौकट, खालची कड रुंद. १९७२ साली त्यांचा एस.एक्स.७० हा कॅमेरा आला. त्याचा फोटो डोळ्यांदेखत आपोआप उमटत असे. उमटवणारे रसायन एका छोट्या पुडीत भरून त्या रुंद कडेत ठेवलेले असे, म्हणून ती कड रुंद. आज मोबाइलमध्ये तीच रुंद कड आहे, पण आत पुडी नाही.

काळ्या कडेची गोष्ट तर याहून मोठी आहे. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे फ्रेंच छायाचित्रकार १९४७-४८ साली हिंदुस्थानात होते. ३० जानेवारी १९४८ रोजी, हत्येच्या थोडाच वेळ आधी, ते गांधीजींना भेटून आले होते. त्यांचा बाणा असा की फोटो घेतानाच हवा तसा घ्यायचा, मागाहून कापायचा नाही. म्हणून त्यांचे फोटो अख्ख्या निगेटिव्हवरून छापत आणि भोवतीची काळी रेघ तशीच राहू देत. ती रेघ म्हणजे एक प्रकारची शपथ होती, की या चित्रातले मी काहीही कापलेले नाही. (त्यांच्याही एका प्रसिद्ध फोटोत, पॅरिसच्या स्टेशनामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाच्या, कुंपणाची फळी आड आल्यामुळे कड कापावी लागली होती. मोठ्या माणसांचेही नियम कधी मोडतात, हे वाचून मला बरे वाटले.) आणि आम्ही काय करतो? फोटो चारही बाजूंनी मनसोक्त कापतो आणि मग त्याला तयार मिळणारी काळी कड लावतो. खोटी शपथ म्हणतात ती हीच.

संगणकाच्या प्रयोगशाळेत 'गिम्प' नावाचे एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे, १९९६ पासूनचे. त्यात सजावटीचा एक वेगळा विभागच आहे. कड लावा, कोपरे गोल करा, फोटो जुना करा, आणि नवल म्हणजे फोटोवर कॉफीचे डाग पाडा! एक कळ दाबली की कॉफी सांडते, किती डाग हवेत तेही विचारते. माझ्या आजीने चुलीच्या धुरापासून फोटो वाचवण्यात आयुष्य घालवले. तिला हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली.

लग्नाच्या 'करिझ्मा' अल्बमविषयी मी फार लिहीत नाही. नवरी आमच्या वाडीतली, पण पानावर तिच्या मागे बर्फाचा डोंगर आणि भोवती कधी न पाहिलेली फुले, हे सर्वांनी पाहिले आहे. नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फलकावर मात्र थोडे थांबते, कारण तिथे चौकट हे पदच आहे. नेत्याला मोठी, सोनेरी. त्याच्या हाताखालच्याला मध्यम. आणि तळाशी 'शुभेच्छुक' म्हणून वीस-पंचवीस पोरांची तोंडे बटणाएवढ्या गोलांत. माझा चुलतभाऊ अशा एका फलकावर होता. दुसऱ्या रांगेतला सातवा. आम्ही सगळे तो बघायला गेलो आणि त्याला ओळखायला आम्हाला दोन मिनिटे लागली. चेहऱ्यापेक्षा गोलाची किनार ठळक होती.

इथे थोडा हिशेब मांडते. गणित माझा विषय नाही, पण एवढा गुणाकार जमतो. माझ्या साध्या मोबाइलचा फोटो ४००० गुणिले ३००० बिंदूंचा, म्हणजे १ कोटी २० लाख बिंदू. मी वापरत होते ती तयार चौकट १०८० गुणिले १०८० ची, आणि तिच्यात फोटोसाठी ठेवलेली खिडकी ६०० गुणिले ८०० ची. म्हणजे ४ लाख ८० हजार बिंदू. भागाकार केला तर २५ आला. पंचवीस भागांतला एक भाग उरतो, बाकीचे चोवीस भाग त्या पाकळ्यांच्या पायी जातात. शिवाय आडवा फोटो उभ्या खिडकीत बसवायचा म्हणजे डावीउजवीकडची माणसे बाहेर. फोटो कोणत्या दिवशी, किती वाजता काढला याची नोंद मूळ फाइलीत असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ती जाते, शिवाय चित्र आणखी लहान होते. आपण चौकट लावली असे म्हणतो, पण खरे तर चौकटीने फोटो गिळलेला असतो.

हे सगळे मला भाट्याच्या सूर्यावरून कळले असते तर मी एवढा लेख लिहिला नसता. सूर्य उद्या पुन्हा मावळेल, बन तिथेच आहे. मला लिहायचे आहे ते आबांच्या फोटोविषयी.

आबा म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी ते मुंबईत गिरणीत होते. आमच्या गावच्या माणसांची तिथे एक खोली होती. पाळ्यांप्रमाणे माणसे तिच्यात आळीपाळीने झोपत आणि जेवायला खानावळीत जात. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले, आणि पुढे आबांसारखे कितीतरी जण गावी परत आले ते कायमचे. मुंबईहून येताना त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जे काही होते त्यात एक फोटो होता. खोलीतल्या सहा जणांनी मिळून स्टुडिओत जाऊन काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर जिना आणि कुंड्या. तिघे खुर्च्यांवर, तिघे मागे उभे. आबा डावीकडच्या खुर्चीवर. पाठीमागे स्टुडिओचा पुसट शिक्का आणि शाईने लिहिलेले '१९७४'.

आबा गेले तेव्हा मी अकरावीत होते. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि घरात मोबाइलचे कळणारी मीच. मी त्या जुन्या फोटोचा फोटो काढला, आबा तेवढे कापून घेतले, मागचा जिना पुसला आणि निळे आकाश घातले. आबांच्या उजव्या खांद्यावर मागे उभ्या असलेल्या कोणाचा तरी हात होता. तो नुसता हात विचित्र दिसू लागला, म्हणून खांद्याचेच कापड बोटाबोटाने त्यावर पसरवून तोही पुसला. मोठ्या कौशल्याने पुसला, हे मी त्या वेळी मैत्रिणींना दाखवलेही होते. मग भोवती गुलाबांची चौकट, खाली दोन समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. रत्नागिरीत छापून आणला. सगळ्यांना आवडला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी स्वतः खिळा ठोकला.

मोबाइलमधला सहा जणांचा फोटो मी त्याच आठवड्यात पुसला. मूळ फोटो माळ्यावर ठेवला होता, तो त्या पावसाळ्यात वाळवीने खाल्ला. वाळवीला मी दोष देत नाही. तिने एकदाच खाल्ला, मी आधीच खाऊन ठेवला होता.

गेल्या शिमग्याला पालखी घरी आली तेव्हा वाडीतले एक आजोबा ओटीवर टेकले. त्या खोलीतले आता तेच एकटे उरले आहेत. भिंतीवरच्या आबांकडे त्यांनी डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, "ह्यो तर आमच्या खोलीतला फोटू." मी अभिमानाने हो म्हटले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग मला म्हणाले, "मंग आमी कुटं गं?"

बाहेर ढोल वाजत होते म्हणून बरे. मला उत्तर द्यावे लागले नाही.

आता माझे मत. ते प्राध्यापकांना थोडे आणि मित्रमैत्रिणींना थोडे असे दोन्हीकडे टोचणारे आहे.

प्राध्यापकांना विनंती अशी की चौथा नियम पुढच्या वर्षी बदलावा. चौकट घातलेला फोटो आणि त्याचाच मूळ फोटो, दोन्ही आणा, शेजारी शेजारी लावू, असे सांगावे. पाहणारे ठरवतील. चौकटीवर नुसती बंदी घातली तर आमच्यासारख्या मुली एवढेच शिकतात की आपल्या घरची भिंत दाखवण्यासारखी नाही. मूळ फोटो का जपायचा हे मात्र त्यातून कोणी शिकत नाही. मला ते नियमाने कळले नाही.

आणि मित्रमैत्रिणींनो, चौकटी घाला, हौस करा, पण मखराकडे एकदा नीट बघून घ्या. मखर कितीही झगमगीत असले तरी मूर्ती त्यातून उचलता येते. विसर्जनाला आपण मूर्ती नेतो, मखर घरीच राहते. संगणकात हीच सोय थरांची आहे. फोटोशॉप १९९० साली बाजारात आले आणि १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्यात थर आले. फोटो एका थरावर, चौकट दुसऱ्यावर. गिम्पमध्येही तसेच. काम त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फाइलीत ठेवले तर थर वेगळे राहतात. जेपेग करून टाकले की सगळे एकजीव होते, मखराला मूर्ती चिकटते. शिवाय चौकट फोटोवर न टाकता कागदच मोठा करून फोटोच्या बाहेर घेता येते. हे करायला दोन मिनिटे जास्त लागतात. त्यात फोटोचा एकही बिंदू झाकला जात नाही आणि खिडकीच्या मापासाठी कोणाला कापावे लागत नाही. मोबाइलमध्ये जागा नसेल तर शुभेच्छांचे फोटो पुसा. मूळ फोटोच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यांतली एक दुसऱ्याच्या घरी असेल तर फारच उत्तम, कारण वाळवी एकाच घरात शिरते.

आबांची गुलाबांची चौकट मी भिंतीवरून काढलेली नाही. आजीला ती आवडते, आणि रोज सकाळी ती तिथे फूल ठेवते. पण त्या शिमग्यानंतर मी त्या आजोबांकडे वही घेऊन चार वेळा गेले. कोण कुठल्या खुर्चीवर, कोण मागे, कोणाचा सदरा कोणाकडून मागून आणलेला, हे त्यांनी सांगितले. आबांचा कोट स्टुडिओवाल्याचा होता हे मला तेव्हा कळले. खांद्यावरचा हात एकदा ते स्वतःचा म्हणाले, पुढच्या खेपेस दुसऱ्याचा म्हणाले, आणि नाव घेतलेला तो माणूस जाऊन वीस वर्षे झाली आहेत. वहीच्या पानावर मी सहा चौकोन काढले आहेत, तीन खाली, तीन वर. पाचांत नावे शाईने लिहिली आहेत. सहाव्यातले पेन्सिलीने लिहिले आहे आणि आतापर्यंत दोनदा खोडले आहे. त्यांचा मुलगा मुंबईला असतो, त्याच्या घरी कपाटात याच फोटोची आणखी एक प्रत असावी असे ते म्हणतात. या शिमग्याला तो येणार आहे.